वॉटरप्रूफ मेमरी कार्डासाठी जादा पैसे द्यावेत का?

प्रश्न: आम्ही जुळे सोलापुरात राहतो. सासूबाईंचा मोबाईल पाण्याच्या बॅरलमध्ये पडला आणि कायमचा बंद झाला. त्यातलं कार्ड दुसऱ्या मोबाईलमध्ये घातलं तर ‘फॉरमॅट करा’ असं येतंय. त्यात नातवाच्या बारशाचे फोटो आहेत. दुकानदार म्हणाला, वॉटरप्रूफ कार्ड असतं तर फोटो वाचले असते. मुलाचा छोटा ॲक्शन कॅमेरा आहे, गच्चीवर सीसीटीव्ही आहे. आता सगळीकडे वॉटरप्रूफ कार्डंच घ्यावीत का?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी एक करा. ते ‘फॉरमॅट’ घरातल्या कुणालाही दाबू देऊ नका. कार्ड बाहेर काढून डबीत ठेवा. कारण पुढे सांगतो.

मूळ प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. घरगुती वापरासाठी ‘वॉटरप्रूफ’ या एका शब्दापायी जादा पैसे देऊ नका. चांगल्या कंपनीचं अस्सल मायक्रो एसडी कार्ड साध्या पाण्याला मुळातच दाद देत नाही, मग पाकिटावर तसं छापलेलं असो वा नसो. कार्डातला डेटा काढून देणं आणि कॅमेरे दुरुस्त करणं हा माझा बऱ्याच वर्षांचा धंदा आहे. टेबलावर येणाऱ्या मेलेल्या कार्डांत निव्वळ पाण्याने मेलेलं कार्ड क्वचित सापडतं. आपल्याकडे कार्डं मरतात ती उन्हाने, नकली मालाने, सतत लिहून झिजल्याने आणि मोडल्याने. यातल्या एकाही गोष्टीवर ‘वॉटरप्रूफ’ हा इलाज नाही.

पाणी आत का जात नाही, ते कार्ड हातात घेतलं की कळतं. मायक्रो एसडी म्हणजे १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड काळी चकती. तिला झाकण नाही, सांधा नाही, स्क्रू नाही. आत मेमरीची चिप असते, तिच्यावर किंवा शेजारी कंट्रोलरची, म्हणजे लिहिणं-वाचणं सांभाळणारी बारकी चिप असते, केसाहून बारीक तारांनी ती जोडलेली असतात आणि त्या सगळ्यावर काळं इपॉक्सी, म्हणजे सुकून दगडासारखं होणारं रसायन, ओतून घट्ट केलेलं असतं. आम्ही त्याला ‘मोनोलिथ’ म्हणतो. बाहेर उघडं दिसतं ते एवढंच: मागच्या बाजूच्या सोनेरी आठ पट्ट्या. भिंगाखाली धरलं तर त्या पट्ट्यांवर स्लॉटच्या पिनांनी ओढलेल्या बारीक रेघा दिसतात. पाण्याचा कार्डाशी संबंध येतो तो त्या पट्ट्यांपुरता. फोटो ज्या चिपमध्ये असतात तिथवर पाणी पोचतच नाही. शिवाय फोटो तिथे विद्युतभाराच्या रूपात, चहूबाजूंनी बंद केलेल्या सूक्ष्म कप्प्यांत साठवलेले असतात. वीज गेली तरी ते राहतात आणि कार्ड ओलं झालं तरी राहतात.

म्हणूनच पँटच्या खिशात राहून वॉशिंग मशिनमधून साबणाच्या पाण्यात फिरून आलेलं कार्ड पुसून, वाळवून लावलं की बहुतेक वेळा जसंच्या तसं उघडतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, घराघरांत गाळ शिरला. त्यानंतर माढा, मोहोळ भागांतून चिखलाने माखलेले मोबाईल आले. मोबाईलचे बोर्ड हिरवे पडले होते, पण आतली मायक्रो कार्डं धुऊन स्वच्छ केल्यावर त्यातली बरीच वाचता आली.

मोठं एसडी कार्ड, म्हणजे फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यात बसतं ते ३२ बाय २४ मिलिमीटरचं, त्याची गोष्ट वेगळी. ते बहुधा प्लॅस्टिकच्या दोन पाकळ्या एकमेकांवर चिकटवून केलेलं असतं. आत हिरवी पट्टी, तिच्यावर चिप, आणि कडेला सरकवायचं लॉकचं बटण. कडेच्या फटीतून आणि बटणाच्या खाचेतून पाणी आत जाऊ शकतं आणि आत अडकून बसतं. वरून पुसलं की कार्ड कोरडं दिसतं, पण आत थेंब असतो. तेच कार्ड लगेच कॅमेऱ्यात घातलं की घात होतो. सोनी कंपनीने २०१८ मध्ये ‘टफ’ नावाची एसडी कार्डं आणली, ती एकसंध ओतलेली आहेत. त्यांत लॉकचं बटणही नाही, पिनांच्या मधल्या नाजूक पट्ट्याही नाहीत. मोठ्या कार्डाच्या बाबतीत ‘वॉटरप्रूफ’ला अर्थ आहे तो असा, कारण तिथे बांधणीच खरोखर बदललेली असते.

आता पाकिटावर काय लिहितात ते बघू. ‘आयपीएक्स ७’ हा आंतरराष्ट्रीय मानक ६०५२९ मधला दर्जा आहे. ‘आयपी’नंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीच्या जागी ‘एक्स’ असेल तर धुळीबद्दल कंपनीने काही सांगितलेलं नाही. पाण्याचा ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कठीण चाचणी, किती खोल आणि किती वेळ ते कंपनीने स्वतः सांगायचं. काही मोठ्या कंपन्या पुढे जाऊन खाऱ्या पाण्यात ७२ तासांपर्यंत असाही दावा करतात आणि त्या दाव्यावर माझा विश्वास आहे. पण हा दावा कार्डाचा आहे. मोबाईलचा नाही, कॅमेऱ्याचा नाही, आणि फोटोंचा तर मुळीच नाही. वॉरंटी नीट वाचा. कार्ड बिघडलं तर कंपनी नवं कोरं कार्ड देईल. आत बारशाचे फोटो होते की लग्नाचे, याच्याशी वॉरंटीचा संबंध नसतो.

मग पाण्याने नुकसान होतं कधी? कार्ड ओलं असताना त्यात वीज सोडली तर. कार्ड साधारण ३.३ व्होल्टवर चालतं. आठ पट्ट्या एकमेकींच्या अगदी शेजारी. मधे ओलावा असला की वीज नको त्या वाटेने जाते, पट्टीवरचा सोन्याचा पातळ थर झिजतो, खालचा धातू उघडा पडतो आणि त्याला गंज चढतो. यात पाणी कुठलं आहे याने मोठा फरक पडतो. शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नाही, पण आपल्या बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच कार्डाच्या पट्ट्यांवर आणि स्लॉटच्या पिनांवर बसतो. समुद्राचं पाणी त्याहून वाईट. गोव्याला, गणपतीपुळ्याला जाऊन आलेल्या कॅमेऱ्यांचे स्लॉट मी हिरवेगार झालेले बघतो. कार्ड ठणठणीत असतं, स्लॉटच्या पिना गेलेल्या असतात.

आणि मोबाईल पाण्यात पडण्याचं प्रमाण आपल्याकडे मोठं आहे. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी हौद, बॅरल, पिंपं भरून ठेवलेली असतात. वाकून पाणी काढताना वरच्या खिशातला किंवा कमरेला खोचलेला मोबाईल थेट आत जातो. अशा वेळी पाणी शिरायची एक वाट म्हणजे ज्या ट्रेमध्ये सिम आणि कार्ड बसतं तो ट्रे. पाण्यापासून संरक्षण असलेल्या मोबाईलच्या ट्रेला बारीक रबरी कडी असते. ती फाटली, किंवा ट्रे अर्धवट बसला, की पाण्याला रस्ता मिळतो. कार्ड बदलताना त्या कडीवर नजर टाकायची सवय लावा. जादा किमतीच्या कार्डापेक्षा ती सवय जास्त उपयोगी पडेल.

आता सासूबाईंच्या कार्डाकडे येतो. दुकानदाराचं म्हणणं मला पटत नाही. कार्ड दुसऱ्या मोबाईलमध्ये ओळखलं जातंय, ‘फॉरमॅट करा’ असं विचारलं जातंय, म्हणजे कार्ड जिवंत असण्याचीच शक्यता जास्त. पाण्याने मेलेलं कार्ड बहुधा काहीच बोलत नाही, घातलं काय आणि नाही काय. मला शंका येते ती वेगळीच. सासूबाईंच्या मोबाईलमध्ये कार्ड पहिल्यांदा घातलं तेव्हा त्याने विचारलं असणार: हे कार्ड ने-आण करायला वापरायचं, की मोबाईलची अंतर्गत जागा म्हणून? अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१५ साली, सहाव्या आवृत्तीपासून आली. जागा कमी असलेल्या स्वस्त मोबाईलवर बरेच लोक दुसरा पर्याय दाबतात, कारण त्याने ॲप टाकायला जागा मिळते. पण हा पर्याय निवडला की मोबाईल ते कार्ड एन्क्रिप्ट करतो. कुलूप कार्डाला आणि किल्ली मोबाईलच्या पोटात. ते कार्ड मग जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मोबाईलला किंवा कॉम्प्युटरला कोरंच वाटतं, म्हणून तो फॉरमॅटची परवानगी मागतो.

असं झालं असेल तर कार्ड वॉटरप्रूफ होतं की नव्हतं हा मुद्दाच उरत नाही. ते शंभर टक्के शाबूत असलं तरी फोटो दिसणार नाहीत, कारण किल्ली बुडालेल्या मोबाईलमध्ये राहिली. उपाय एकच आहे. तोच मोबाईल थोडा वेळ तरी चालू करायचा. बोर्डवर काम करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे न्या आणि त्याला स्पष्ट सांगा: मोबाईल वापरायचा नाही, एकदा सुरू होऊन कार्ड उघडलं की बस, फोटो काढून घ्यायचे आहेत. बोर्ड रसायनात धुऊन, शॉर्ट झालेला भाग काढून, बॅटरी आणि डिस्प्ले दुसरा लावून असे मोबाईल तासाभरासाठी उभे राहू शकतात. प्रत्येक वेळी जमतं असं नाही. कारागिराने ‘बोर्ड बदलून देतो’ म्हटलं तर नको म्हणा. नव्या बोर्डात जुनी किल्ली नसते. ‘सॉफ्टवेअर मारतो’ म्हटलं तरी नको. मोबाईल रिसेट झाला की किल्ली पुसली जाते आणि मग ते फोटो कुणीही परत आणू शकत नाही.

दुसरी शक्यता, कार्ड साधंच होतं पण मोबाईल पाण्यात बंद पडताना त्यावर काही लिहिणं चालू होतं आणि फाईलींची अनुक्रमणिका बिघडली. हे जास्त सोपं. कार्ड रीडरमधून कॉम्प्युटरला लावून आधी त्याची अख्खी नक्कल काढायची आणि रिकव्हरी त्या नकलेवर करायची, मूळ कार्डावर नाही. फोटो बहुतेक निघतात. पण कुणी फॉरमॅट करून त्यावर नवं काही भरलं, तर जेवढं भरलं तेवढं जुनं गेलं.

आणखी एक शक्यता तपासून घ्या, कारण ती वारंवार दिसते. फोटो कार्डावर नव्हतेच. बारशाचे फोटो नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवले असतील तर ते मोबाईलच्या आतल्या जागेत जातात, कार्डावर नाही. कार्ड घातलं की सगळं आपोआप त्यावर जातं असं लोक धरून चालतात. फोटो ज्यांनी पाठवले त्यांच्या मोबाईलमध्ये शोधा, ग्रुपमध्ये शोधा. सासूबाईंच्या जीमेलवरून गूगल फोटोज उघडून बघा, बॅकअप चालू राहिलेला असू शकतो.

आता ऊन. सोलापूरचा एप्रिल-मे वेगळा सांगायला नको. पारा चाळिशी पार करतो, त्रेचाळीस-चव्वेचाळीसलाही टेकतो. बंद गाडी उन्हात उभी असली की डॅशबोर्ड साठ-सत्तर अंशांच्या घरात जातो. तिथे चिकटवलेल्या डॅशकॅममधलं कार्ड त्याच तापमानात बसलेलं असतं. कार्डाच्या पाकिटावर बहुधा उणे २५ ते ८५ अंश असं लिहिलेलं असतं, त्यामुळे कार्ड लगेच मरत नाही. पण मेमरीच्या कप्प्यांतला विद्युतभार उष्णतेने लवकर गळतो आणि कार्ड आधीच झिजलेलं असलं तर आणखी लवकर. गच्चीवरच्या सीसीटीव्हीचंही तेच. ‘काल चोरी झाली, रेकॉर्डिंग उघडत नाही’ म्हणून जी कार्डं येतात, त्यांत पाण्याचा दोष मी क्वचितच काढला असेल. पावसाचं म्हणाल तर आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो. ऊन मात्र वर्षातले कितीतरी महिने.

सीसीटीव्हीचा हिशेब कागदावर मांडून बघा म्हणजे पटेल. साधा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला २१.६ जीबी होतात. ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांत भरतं, मग जुनं पुसून पुन्हा लिहिणं सुरू. वर्षात सव्वाशेच्या आसपास वेळा कार्ड पूर्ण भरून पुसलं जातं. मेमरीच्या प्रत्येक कप्प्याला किती वेळा लिहिता-पुसता येईल याची मर्यादा असते. मोबाईलमध्ये आपण फोटो ठेवतो आणि बघतो, लिहिणं थोडं होतं, म्हणून तिथे तेच कार्ड वर्षानुवर्षं चालतं. सीसीटीव्हीत ते रात्रंदिवस राबतं. अशा कामासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ नावाची वेगळी कार्डं मिळतात. पाकिटावर किती तास रेकॉर्डिंग झेपेल ते दिलेलं असतं. गच्चीवरच्या कॅमेऱ्यासाठी जादा पैसे द्यायचेच असतील तर या दोन शब्दांसाठी द्या. आणि कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग ‘हालचाल झाली की’ असं ठेवता येतं का ते बघा, कार्डाचं आयुष्य त्याने बरंच वाढतं.

कार्ड मरायला आलं की आधी खूण दाखवतं, ती ओळखा. फोटो डिलीट करावा, मोबाईल बंद-चालू करावा आणि तोच फोटो परत दिसावा. किंवा नवा व्हिडिओ घेतला, तो दिसला, आणि दुसऱ्या दिवशी नाही. याचा अर्थ कार्डाने लिहून घेणं थांबवलंय, फक्त वाचू देतंय. त्या क्षणी घाईने सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं आणि ते कार्ड बाद करायचं. फॉरमॅट करून ‘पुन्हा बघू’ म्हणणारे लोक नंतर माझ्याकडे येतात.

नकली कार्डांबद्दल मला जास्त तळमळीने सांगावंसं वाटतं, कारण यात साध्या माणसाची उघड फसवणूक होते. आठ जीबीची स्वस्त चिप, तिच्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं, वर नामांकित कंपनीची हुबेहूब छपाई आणि मोठ्या अक्षरांत ‘१२८ जीबी’. त्या पाकिटावर वॉटरप्रूफचं चिन्हही असतं, उष्णतेचं असतं, एक्स-रेचंही असतं. छापायला काय लागतं? मोबाईलमध्ये घातलं की १२८ जीबीच दिसतं. पहिले आठ जीबी नीट भरतात. लग्नाचे पहिले फोटो उघडतात, म्हणून विश्वास बसतो. त्यानंतरचे फोटो जातात कुठे, तर कुठेच नाही. नावं दिसतात, आत काही नसतं, किंवा जुन्यावरच नवं लिहिलं जातं. हळद दिसते, अक्षता पडताना फोटो राखाडी. अशा कार्डातून कुणीही काही काढू शकत नाही, कारण ते फोटो कधी साठवलेच गेले नव्हते. घरच्यांना हे सांगण्याइतकं जड काम माझ्या धंद्यात दुसरं नाही.

एक गैरसमजही दूर करतो. ६४ जीबीचं कार्ड मोबाईलमध्ये ५९ जीबीच्या आसपास दाखवतं, त्यावरून ते नकली ठरत नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, मोबाईल किंवा कॉम्प्युटर त्याहून मोठा जीबी धरतो, म्हणून आकडा कमी दिसतो.

मोडण्याबद्दल थोडक्यात. एक मिलिमीटर जाडीचं कार्ड पैशाच्या पाकिटात ठेवून आपण त्यावर बसतो. वाकलं की आतल्या चिपला तडा जातो, आणि तडा गेलेल्या चिपमधून फोटो निघत नाहीत. नुसता कंट्रोलर गेला असेल तर मागचा रंग घासून, आतल्या बारीक बिंदूंना तारा जोडून थेट मेमरी वाचता येते. ते काम सूक्ष्मदर्शकाखाली चालतं, वेळ खातं आणि खर्च कार्डाच्या किमतीच्या अनेक पट होतो. कार्ड बाहेर असेल तर ते कडक प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा.

मग वॉटरप्रूफ कुणी घ्यावं? जो मोठं एसडी कार्ड वापरतो आणि पाण्यातच काम करतो त्याने जरूर घ्यावं. आषाढीला पालख्या जिल्ह्यात शिरतात तेव्हा पाऊस असतो. माळशिरस, वेळापूर, वाखरीच्या वाटेवर छत्री सांभाळत कार्ड बदलणारे फोटोग्राफर, चंद्रभागेत गुडघाभर पाण्यात उभे राहून फोटो काढणारे, उजनीच्या फुगवट्यावर होडीतून फ्लेमिंगो टिपणारे, यांना एकसंध ओतलेलं कार्ड उपयोगी पडतं. त्यांचा धोका कार्ड बदलण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात असतो: ओली बोटं, हातातून सुटलेलं कार्ड, खाली चिखल. शिवाय ती कार्डं मोडायलाही कठीण असतात आणि माझ्या मते खरा फायदा तोच.

तुमच्या मुलाच्या ॲक्शन कॅमेऱ्याला मात्र गरज नाही. असा कॅमेरा बहुधा स्वतःच पाण्यापासून बंद असतो, कार्ड आत कोरडं राहतं. पाणी आत गेलंच तर कार्डाआधी कॅमेरा जाईल. त्याला दरवाजाची रबरी पट्टी स्वच्छ ठेवायला शिकवा. वाळूचा एक कण तिथे अडकला तरी पाणी आत येतं. पोहून आल्यावर कॅमेरा साध्या पाण्याने धुवायचा, पुसायचा आणि मगच दरवाजा उघडायचा. त्या कॅमेऱ्याच्या कार्डावर ‘व्ही ३०’ किंवा ‘यू ३’ बघून घ्या. म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची खात्री, आणि फोर-के व्हिडिओ मधेच तुटत नाही.

कार्ड भिजलंच तर काय करायचं तेही सांगतो. मोबाईल किंवा कॅमेरा बंद करा, चार्जिंगला लावू नका, चालू होतो का ते बघू नका. ट्रे काढून कार्ड बाहेर घ्या. खारं पाणी, चहा, साबण, गटाराचं पाणी असेल तर कार्ड आधी आरओच्या किंवा बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने धुवा. ओल्याला आणखी ओलं करायची भीती वाटते, पण सुकल्यावर मागे राहणारा क्षार जास्त वाईट. मग मऊ सुती कापडाने टिपून घ्या, पट्ट्यांवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवा. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे ते असतं, थोडं मागितलं तर देतो. त्यानंतर सावलीत, पंख्याखाली मायक्रो कार्ड एक दिवस, मोठं एसडी दोन दिवस. उन्हात नको, हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबाही नको. तांदूळ फारसं काही शोषत नाही आणि त्याचं पीठ स्लॉटमध्ये बसतं. ॲपलनेही २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना भिजलेला फोन तांदळात ठेवू नका असं सांगितलं. पट्ट्या काळ्या दिसल्या म्हणून खोडरबराने घासू नका. सोन्याचा थर इतका पातळ असतो की रबराबरोबर तोच निघतो. सुकल्यावर कार्ड मोबाईलमध्ये न घालता कार्ड रीडरने कॉम्प्युटरला लावा आणि काही बघत बसण्याआधी सगळं उतरवून घ्या.

जादा पैशांचं काय करायचं, तर दुसरी प्रत. बारशाचे, लग्नाचे, आजी-आजोबांचे फोटो दोन ठिकाणी हवेतच. एक प्रत मोबाईलवर, एक घरातल्या हार्ड डिस्कवर. शक्य असेल तर तिसरी गूगलवर. तिथे १५ जीबी फुकट आहेत, पण त्यातच जीमेलही मोजलं जातं. १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद फुकट सोय बंद झाली. जागा पुरत नसेल तर व्हिडिओ हार्ड डिस्कवर आणि फोटो गूगलवर अशी वाटणी करा. पेनड्राइव्हवर एकच प्रत ठेवून कपाटात टाकणं याला मी बॅकअप म्हणत नाही. आणि नव्या मोबाईलमध्ये कार्ड घालताना तो विचारेल तेव्हा ‘पोर्टेबल’ निवडा, ‘इंटर्नल’ नाही. यासाठी एक पैसाही लागत नाही.

खरेदी करताना नवी पेठेत घ्या की ऑनलाइन, पक्कं बिल घ्या. बिलावर जीबी आणि कंपनीचं नाव लिहून घ्या. ऑनलाइन घेत असाल तर विकणारा कोण आहे ते बघा, फक्त साइटचं नाव बघू नका. बाजारभावाच्या निम्म्यात मिळणारं मोठ्या जीबीचं कार्ड घेऊच नका. कार्ड घरी आणल्यावर त्यात एकही फोटो टाकण्याआधी ते तपासा. विंडोज कॉम्प्युटरवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्स किंवा मॅकवर ‘एफ३’ ही फुकट सॉफ्टवेअर आहेत. ती कार्ड काठोकाठ भरतात आणि भरलेलं परत वाचून ताडून पाहतात. मोठं कार्ड असेल तर काही तास जातात, रात्री लावून झोपा. सकाळी एकही चूक नाही असं दिसलं तर कार्ड खरं आहे, निर्धास्त वापरा. चूक दिसली तर त्याच दिवशी बिल घेऊन दुकानात जा आणि कार्ड परत करा.